मापाला 24 ब्लॅक हॉक

“नाना, घरात नंतर शिरा. आधी हे बघा. नातवाने फोटो पाठवलाय. चीनने म्हणे नवं हेलिकॉप्टर काढलंय, आणि खाली लिहिलंय, ‘अपाचेची झेरॉक्स’. खरं का हो?”

नाना दुधाची पिशवी घेऊन कुंपणापाशी थांबले. आमच्या नाशिकरोडला गांधीनगरच्या लष्करी धावपट्टीवरून चीता आणि चेतक डोक्यावर घिरट्या घालतात. आम्ही वर बघतसुद्धा नाही. नाना मात्र नुसत्या आवाजावरून कुठलं चाललंय ते सांगतात. लष्कराच्या वर्कशॉपात हेलिकॉप्टरं खोलण्यात-जोडण्यात हयात गेली माणसाची.

“झेड-21 आहे हे,” चष्मा कपाळावर सरकवत ते म्हणाले. “2024 च्या मार्चपासून याचे फोटो फिरतायत. अमेरिकेच्या अपाचेसारखं दिसतं, रशियाच्या एमआय-28 सारखंही दिसतं. पण माई, लढाऊ हेलिकॉप्टरात दोन माणसं एकामागे एक बसवली आणि बाजूंना आखूड पंख काढून त्यांना क्षेपणास्त्रं टांगली, की कुणाचंही असंच दिसणार. अमेरिकेच्या कोब्राने 1965 साली ही बैठक घालून दिली. समोरून अंग जेवढं अरुंद, तेवढी गोळी लागायला जागा कमी. आपलं ‘प्रचंड’ हेलिकॉप्टरही तसंच आहे. ते काय अपाचेची झेरॉक्स?”

“मग नक्कल नाही म्हणता?”

“असं कुठे म्हटलं? चेहरा बघू नका, धड बघा. वर पाच पात्यांचा पंखा, मागे ते शेपूट. हे झेड-20 चं दिसतंय. आणि झेड-20 कुणाचं, त्यात खरी मजा आहे.”

मजा म्हटल्यावर मी गॅस बंद करून आले.

गोष्ट 1984 ची. तेव्हा चीन आणि अमेरिका यांचं गुळपीठ होतं, रशिया दोघांचाही वैरी. चीनला तिबेटात चालणारं हेलिकॉप्टर हवं होतं. तिथे हवा इतकी विरळ की इंजिनाला दम लागतो आणि पात्यांना धरायला हवाच मिळत नाही. अमेरिकेच्या सिकॉर्स्की कंपनीने 24 ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं विकली. कागदोपत्री मुलकी, एस-70सी नावाने, पण गेली ती सैन्यात. पाच वर्षांनी, 1989 च्या जूनमध्ये, तियानानमेन चौकात पोरांवर रणगाडे घातले आणि अमेरिकेने हात आखडता घेतला. सुटे भाग बंद.

“पण चिन्यांनी ती टाकली नाहीत,” नाना म्हणाले. “2008 च्या सिचुआनच्या भूकंपातसुद्धा उडत होती. दुसरं कुठलं हेलिकॉप्टर त्या उंचीवर त्यांच्या इतकं मनात भरलं नव्हतं.”

“म्हणजे मापाचा ब्लाउजच मिळाला की! टेलरला जुना अंगाचा ब्लाउज दिला की तो टेप लावत बसत नाही.”

“आणि एक नाही, 24!” नाना हसले. “डिसेंबर 2013 मध्ये झेड-20 पहिल्यांदा उडालं. 1 ऑक्टोबर 2019 ला बीजिंगच्या संचलनात सगळ्या जगाला दाखवलं. जगाने एका सुरात सांगितलं, हे तर ब्लॅक हॉक! त्यात खोटं नव्हतं. नुसता आकार सारखा असता तर मी म्हटलं असतं, एकाच कामाला एकच आकार. पण ब्लॅक हॉकच्या शेपटीचा छोटा पंखा उभा नाही, 20 अंश कललेला आहे, म्हणजे तो शेपूट थोडं उचलूनही धरतो. ही त्या कंपनीच्या इंजिनिअरांची खास सोय. जगात कितीतरी हेलिकॉप्टरं तिच्यावाचून मजेत उडतात. झेड-20 चा पंखाही कललेलाच. इथे चोर सापडतो.”

“आणि ते ओसामाला मारलं तेव्हाचं? पाकिस्तानात अमेरिकेचं एक ब्लॅक हॉक पडलं होतं ना? शेपूट भिंतीवर लटकलेलं पेपरात पाहिलं होतं. पाकिस्तानने ते चिन्यांना दाखवलं म्हणे.”

“2011 चं. पेपरवाल्यांनी लिहिलं, दोघांनी इन्कार केला. पण विचार करा माई, घरात 24 अख्खी हेलिकॉप्टरं असताना कोण तुटक्या शेपटाच्या मागे लागेल? आणि दोन वर्षांत शेपूट बघून हेलिकॉप्टर उडत नाही.”

मग नाना कुंपणावर कोपर टेकून जरा खाली आवाजात बोलू लागले, जसं काही समोरच्या बंगल्यात ऐकू जाईल.

“पण हसू नका हं त्यांना. कवच उतरवता येतं, आतलं नाही. ब्लॅक हॉकला चार पाती, यांनी पाच लावली. विरळ हवेत तेवढंच जास्त धरता येतं. ब्लॅक हॉकमध्ये दांडे-सळ्यांनी पंखा वळवतात, यांनी ते काम तारांवर नि संगणकावर घातलं. इंजिन त्यांचं स्वतःचं. पंख्याचा हब आणि गिअरबॉक्स यांचं तर विचारूच नका. मी आयुष्यभर त्यातच हात घातलाय. समोर ठेवलेला भाग मोजता येतो. तो कोणत्या पोलादाचा, कसा तापवला, किती तासांनी चिरतो, हे मोजपट्टीला कळत नाही.”

त्यावरून त्यांना रशियाचं आठवलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-29 बॉम्बर विमानं रशियाच्या हद्दीत उतरली. स्टॅलिनने हुकूम सोडला, हुबेहूब हवं. अमेरिकेचे पत्रे इंचाच्या मापाचे, रशियात सगळं मिलिमीटरमध्ये. तेवढ्या जाडीचा पत्राच मिळेना. त्यात बराच घोळ झाला, पण 1947 साली टीयू-4 उडालं. “नक्कल करायला अक्कल लागते म्हणतात ते उगाच नाही,” नाना म्हणाले. हे मला आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांना ऐकवायला हवं होतं.

“म्हणजे चीनचं स्वतःचं एकही नाही?”

“झेड-9 फ्रेंच डॉफिन, रीतसर परवाना काढून. झेड-8 फ्रेंच सुपर फ्रेलॉनवरून. पण एक होतं ज्याला सगळे ‘अस्सल चिनी’ म्हणायचे. झेड-10. 2003 मध्ये उडालं, कुणासारखंच दिसत नव्हतं. आणि 2013 मध्ये रशियाच्या कामोव्ह कंपनीचे मुख्य रचनाकार सर्गेई मिखेयेव भर प्रदर्शनात बोलून गेले, ‘त्याचा मूळ आराखडा आमचा. 1995 मध्ये चीनने करार केला होता.’ प्रकल्प 941, असं नावही सांगितलं.”

मी तोंडावर हात ठेवला. 18 वर्षं पोटात ठेवलं माणसाने! आमच्या गल्लीत कुणाला 18 तास जमलं नसतं.

“पुढे ऐका. त्याला सुरुवातीला कॅनडाचं प्रॅट अँड व्हिटनीचं इंजिन. मुलकी कामासाठी म्हणून गेलं, बसलं लढाऊ हेलिकॉप्टरात, आणि ते चालवायचं अमेरिकी सॉफ्टवेअरही बिनपरवाना गेलं. 2012 मध्ये कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल केला. तिच्या मूळ कंपनीला सगळं मिटवायला साडेसात कोटी डॉलरच्या वर मोजावे लागले. चीनने मग घरचं इंजिन बसवलं. ते कमी ताकदीचं, म्हणून हेलिकॉप्टरचं वजन उतरवलं.”

“म्हणजे नक्कल वाटतं त्यात त्यांची मेहनत, आणि अस्सल वाटतं ते रशियाच्या कागदावरचं!”

“अगदी बरोबर. आणि ते झेड-10 आता पाकिस्तानने घेतलंय. तेव्हा ‘चिनी माल’ म्हणून मिशीत हसणाऱ्यांना मी सांगतो, तिबेटात उंचावर झेड-20 माणसं नि सामान घेऊन चढतं. त्याला वर जाताना कुणी विचारत नाही, बाप कोण.”

एवढ्यात डोक्यावरून एक चीता गेलं.

“हे तरी आपलं ना?” मी विचारलं.

“फ्रेंच लामा. याच्या मूळ बहिणीने 1972 साली 12,442 मीटर गाठले, तो विक्रम फ्रान्सच्या झाँ बुले यांचा. आपण परवाना घेऊन बनवलं, पैसे मोजून. दुधाची पिशवी गळायला लागली, चाललो मी.”

“अहो, पण झेड-21 चं काय ते सांगा. त्याचा आराखडा कुणाचा?”

“मिखेयेव यांना 18 वर्षं लागली. 2024 पासून मोजा.”

“म्हणजे 2042. तोवर मी नव्वदीला पोचलेली असेन.”

“मग फोटो जपून ठेवा,” म्हणत नाना पिशवीला खालून तळहात लावून घरात पळाले.