माननीय सर्च पाथसाहेब यांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय सर्च पाथसाहेब,
मुक्काम पोस्टग्रेस.

विषय : ‘ऑर्डर्स’ नावाचं टेबल अस्तित्वात नसल्याच्या आपल्या निर्णयाबाबत.

महोदय,

आपल्या खात्याचा निर्णय मिळाला. ऑर्डर्स नावाचं रिलेशन अस्तित्वात नाही. बस्स, एवढंच. ‘आम्ही अमुक ठिकाणी पाहिलं’ नाही, ‘दुसरीकडे चौकशी करा’ नाही. ज्या टेबलात हे पत्र लिहिताना देखील भराभर रो पडताहेत, ते जगातच नाही असं आपण डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवलंत. आमच्या तहसील कचेऱ्यांतसुद्धा कारकून निदान एक कपाट उघडून, धूळ झटकून, मगच ‘नोंद आढळत नाही’ असा शेरा मारतो. आणि तो ‘आढळत नाही’ म्हणतो. माणूस जन्मलाच नव्हता, असं म्हणत नाही.

आपण नेमकं कुठे पाहिलंत, ते मी ‘शो सर्च_पाथ’ विचारून काढून घेतलं. पत्ते दोनच निघाले. पहिला, विचारणाऱ्याच्याच नावाचा स्कीमा, दुसरा, पब्लिक. माझ्या नावाचा स्कीमा कोणी बनवलेलाच नाही, त्यामुळे तो पत्ता आपण न बोलता वगळलात. उरला पब्लिक. टेबल होतं ‘विक्री’ नावाच्या स्कीमात, शेजारच्याच खोलीत. तिकडे जायचं आपल्या कार्यकक्षेत येत नाही, हे मान्य. नोव्हेंबर २००२ मध्ये पोस्टग्रेसच्या ७.३ आवृत्तीत स्कीमा आले, तेव्हापासून आपला हा कारभार असाच चोख चालू आहे.

साहेब, आपला खरा मोठेपणा गप्प राहण्यात आहे. अस्तित्वात नसलेल्या स्कीमाचं नाव यादीत घातलं, आपण गप्प. स्कीमाच्या नावात टायपिंगची चूक झाली, आपण गप्प. स्कीमा आहे, यादीतही आहे, पण त्याचा युसेज हक्क माझ्या रोलला दिलेला नाही, तरीही आपण तो वगळून पुढे जाता आणि शेवटी जाहीर करता की टेबलच नाही. तेच टेबल मी ‘विक्री डॉट ऑर्डर्स’ असं पूर्ण नावानं मागितलं, की उत्तर बदलतं. आता म्हणे विक्री स्कीमासाठी परवानगी नाही! म्हणजे अस्तित्वाचा प्रश्न नव्हताच, किल्लीचा होता. हे पहिल्याच वेळी सांगितलं असतंत, तर डीबीएला रात्री अकरा वाजता फोन करून ‘टेबल कोणी ड्रॉप केलं का?’ असं विचारायची वेळ कुणावर आली नसती.

ओरॅकलमध्येही, जिथे यूझर म्हणजेच स्कीमा असा हिशेब आहे, ‘ओरा-००९४२’ हा जुना एरर टेबल नसलं तरी येतो आणि पाहायचा हक्क नसला तरी येतो. पण तिथे त्याला कारण तरी आहे. ज्याला हक्क नाही त्याला आत काय ठेवलंय याचा वासही लागू नये. आपल्याकडे तेही कारण चालत नाही, कारण आपल्याच इमारतीत पीजी_क्लास नावाचं रजिस्टर कोणालाही वाचायला उघडं पडलेलं असतं आणि त्यात त्या डेटाबेसमधल्या प्रत्येक टेबलाचं नाव लिहिलेलं असतं.

अखेर मी आपल्याला वळसा घालून त्या रजिस्टराकडेच गेलो. रागावू नका, हा मार्ग फार मोठ्या माणसानं घालून दिलेला आहे. एडगर कॉड यांनी १९८५ मध्ये रिलेशनल डेटाबेसचे नियम मांडले, त्यातला चौथा हाच : डेटाबेसमध्ये काय काय आहे याची नोंदही टेबलांतच असावी आणि हक्क असलेल्याला ती नेहमीच्याच भाषेत विचारता यावी. म्हणून त्याच रजिस्टरावर बेतलेल्या पीजी_टेबल्सला एक साधी क्वेरी मारली : नाव ऑर्डर्स असलेली सगळी टेबलं स्कीमासकट दाखव. एका ओळीत पत्ता हातात. पीएसक्यूएलमध्ये बसलेल्यांना तर क्वेरीचीही गरज नाही. बॅकस्लॅश डीटी, पुढे स्टार डॉट ऑर्डर्स. नुसतं बॅकस्लॅश डीटी मात्र आपल्याच चष्म्यातून बघतं, आणि नवी मंडळी तिथेच फसतात. इन्फर्मेशन_स्कीमा हे जास्त प्रतिष्ठित दालन, एसक्यूएलच्या मानकातलं. पण तिथे विचारणाऱ्याची मालकी किंवा त्याला काहीतरी हक्क असलेलीच टेबलं दिसतात. हरवलेलं शोधायला तिथे जाणं म्हणजे निम्मं शोधणं.

आता आपल्या कारकिर्दीतल्या सर्वोत्तम प्रसंगाबद्दल. नव्या मशीनवर कोणीतरी डंपची फाइल पीएसक्यूएलच्या चालू सेशनमध्येच चढवतो. क्रिएट टेबल, क्रिएट टेबल, कॉपी, कॉपी; ओळी धावतात, एकही एरर नाही. समाधानानं तो बॅकस्लॅश डीटी मारतो. एकही रिलेशन सापडलं नाही! बिचारा घाबरतो आणि तीच फाइल पुन्हा चढवतो. या वेळी प्रत्येक टेबलावर एरर येतो : हे रिलेशन आधीच अस्तित्वात आहे. एकाच टेबलाबद्दल, एकाच सेशनमध्ये, पाच मिनिटांच्या अंतरानं हे दोन दाखले मिळतात. शिवाय ज्या टेबलांना प्रायमरी की नाही, त्यांत रो दुप्पट होऊ शकतात, ते वेगळंच.

याचं कारण मात्र ऐकण्यासारखं आहे, आणि ते आपल्या भूतकाळात आहे. पब्लिक स्कीमात पूर्वी कोणीही काहीही बनवू शकत असे. एखाद्या खोडसाळ माणसानं तिथे ओळखीच्या नावाचं फंक्शन ठेवायचं, आणि सुपरयूझरनं आपल्या भरवशावर ते अर्धवट नावानं हाक मारून चालवायचं. झालं, त्याचा कोड सुपरयूझरच्या अधिकारात धावला. मार्च २०१८ मध्ये ही भानगड ‘सीव्हीई-२०१८-१०५८’ या क्रमांकानं जाहीर झाली आणि तेव्हापासून पीजी_डंप स्वतःच्या फाइलच्या सुरुवातीलाच आपल्याला रिकामं करतो, मग प्रत्येक टेबल स्कीमासकट पूर्ण नावानं लिहितो. म्हणजे घरच्यांचाही आपल्यावर विश्वास उरलेला नाही. फाइल संपल्यावर आपण त्या सेशनमध्ये रिकामेच राहता; पुन्हा कनेक्ट केलं की पूर्ववत. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये, १५व्या आवृत्तीत, नव्या डेटाबेसच्या पब्लिकमध्ये सगळ्यांनी वाटेल ते बनवायची मुभाही काढून घेतली गेली. उशिरा, पण योग्य.

खरं सांगायचं तर ‘अस्तित्वात नाही’ हा आपला कमी घातक निर्णय आहे. त्यात निदान काम थांबतं. मला भीती वाटते ती आपल्या होकाराची. ऑर्डर्स दोन स्कीमांत असेल, एक चालू आणि एक कोणीतरी चाचणीसाठी बनवून विसरलेलं, तर यादीत जे आधी येईल ते आपण हसतमुखानं देता. क्वेरी चालते, आकडे येतात, रिपोर्ट वरच्या साहेबांकडे जातो. त्यात कनेक्शन वाटून देणारा पीजीबाउन्सर ट्रान्झॅक्शन पद्धतीनं लावलेला असेल, तर एका ग्राहकानं सेट केलेला पाथ त्याच कनेक्शनवर पुढे येणाऱ्या दुसऱ्याच्या गळ्यात पडू शकतो. प्रत्येक ग्राहकाला वेगळा स्कीमा देणाऱ्या मंडळींनी हे वाक्य दोनदा वाचावं.

तेव्हा माझ्यापुरतं ठरलं आहे. यापुढे प्रत्येक क्वेरीत स्कीमाचं नाव लिहून मागणार, आपल्या दारावर न थांबता. रोलला युसेज आणि सिलेक्ट हे दोन्ही हक्क मागून घेणार. एक मिळाला म्हणून दुसरा मिळतो असं नाही. ज्यांना जुना कोड बदलणं शक्य नाही, त्यांनी अल्टर रोल करून आपली यादी एकदाची नीट लिहून द्यावी. आपल्याला त्याचा राग येणार नाही याची खात्री आहे, कारण आपल्याला कशाचाच राग येत नाही.

आपला,
टेबल असूनही ते न दिसलेला एक रोल

ता. क. : चालू सेशनमध्ये यादी सेट करताना ‘विक्री, पब्लिक’ असं दोन्ही नावांना मिळून एकच अवतरणचिन्ह घातलं, तर आपण त्याचा एकच स्कीमा समजता, नावातच स्वल्पविराम असलेला. असा स्कीमा नाही. तरीही आपल्या खात्याकडून ‘सेट’ अशी पोच येते. ती पोच या पत्रासोबत परत पाठवत आहे.