फाटका आवाज, इरकली काठ

लेस्टर,
रविवार दुपार

ती. आप्पांना,


हे फोनवरच सांगितलं असतं, पण तुमचा फोन दोन मिनिटांत आईच्या हातात जातो आणि ही गोष्ट तिच्या कानावर इतक्यात जायला नको. मे महिन्यात तिनं मेतकूट भरून दिलेला श्रीखंडाचा डबा आठवतो? झाकणावर स्केचपेननं 'परत आणणे' लिहिलेला? त्याला आता आठ भोकं आहेत. सगळी माझ्या हातची.

झालं असं, की तुमच्या नातीला गिटारसाठी ओव्हरड्राइव्ह पेडल हवं होतं. जमिनीवर ठेवायची एक डबी असते. गिटारची वायर एका बाजूनं आत, ॲम्प्लिफायरची दुसऱ्या बाजूनं बाहेर आणि मधे पायानं दाबायचं बटण. दाबलं की आवाज फाटतो. एवढंच. गणपतीच्या आधी आपल्या दुकानापुढं मंडळांचे कर्णे आणि स्पीकर घेऊन पोरांची रांग लागायची, "आप्पा, आवाज फाटतोय हो" म्हणत, आणि तुम्ही रात्री दोनपर्यंत बसून तो शिवून द्यायचात. तुमचीच नात आता तो उसवायला पैसे मागत होती. तुम्ही ऐकून म्हणालात, "पैसे कशाला? स्पीकरला ब्लेड मार."

आप्पा, तुम्ही चेष्टेत बोललात, पण इथल्याच एका पोरानं ते खरंच केलं होतं. १९६४ साली किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसनं आपल्या छोट्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागद ब्लेडनं चिरला आणि त्या चिरलेल्या आवाजात 'यू रिअली गॉट मी' वाजवलं. गाणं इंग्लंडात पहिल्या नंबरावर गेलं. हे नातीला सांगितलं आणि लगेच घरातली ब्लेडं वरच्या कपाटात ठेवली.

विकत घेण्यापेक्षा घरीच करू, असं तुमचे जावई म्हणाले. ते म्हणाले म्हणजे करणार मी, हे तुम्ही ओळखलंच असेल. आम्ही नक्कल केली ती ट्यूब स्क्रीमर नावाच्या जपानी पेडलची. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आलेली ही हिरवी डबी टेक्ससचा स्टीव्ही रे व्हॉन वापरायचा, म्हणून तिचं एवढं नाव. जुन्या मूळ डबीला लोक शेकडो पौंड मोजतात. मोठ्या श्रद्धेनं नकाशा उघडला, तर आत कोण बसलेलं? ४५५८! बास-ट्रेबलच्या पाटीवरची आपली तीच आठ पायांची चिप, जी तुमच्या डाव्या ड्रॉवरमध्ये खडीसाखरेसारखी पडलेली असायची. इथं तिच्याबद्दल लोक घराण्याबद्दल बोलावं तसं बोलतात.

नवीन गोष्ट आहे ती डायोडची. ४५५८ गिटारचा इवलासा आवाज सुमारे ११८ पट वाढवायला बघते आणि तिच्या फीडबॅकच्या वाटेत दोन डायोड एकमेकांकडे पाठ करून बसवलेले असतात. लाट साधारण ०.६ व्होल्टच्या वर डोकं काढायला लागली, की ते जागे होतात आणि तिला आवरतात. धान्य मोजताना आजी मापावरून हात फिरवून शीग काढायची ना, तसं. पट्टीनं काढली तर माप सपाट होतं, आजीच्या हातानं काढली तर थोडा फुगवटा राहतो. ट्यूब स्क्रीमरची शीग आजीच्या हातची, म्हणून त्याचा आवाज फाटला तरी कानाला टोचत नाही. मिळालं तर घ्यावं असलं ज्ञान आहे हे, पण मला फार आवडलं.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून इस्त्री तापवली (सोल्डरिंगची, तुमचे जावई कपड्यांची घेऊन आले होते). कथिलाला पहिला चटका दिला आणि राळेचा तो वास आला. दोन मिनिटं मी काही केलं नाही, नुसती बसले. नात म्हणाली, "आई, धूर डोळ्यांत गेला का?" म्हटलं, हो.

सगळं जोडून पेडल दाबलं, तर आवाज सोवळ्यातला. नॉब शेवटपर्यंत फिरवला तरी किंचित कुरकुर, वर जाड तारांचा गदळ. जावयांनी इंटरनेटवरून सतरा कारणं काढली आणि चिप बनावट असल्याचा निकाल दिला. रात्री साडेबारापर्यंत आम्ही तिला शिव्या घातल्या. सकाळी खिडकीशी चहा घेताना सहज पाटी हातात घेतली आणि तुमचं वाक्य आठवलं : रेझिस्टर दिवसा बघावा. पिवळा, जांभळा आणि तिसरा पट्टा लाल हवा होता, तो नारिंगी! ४.७ के.च्या जागी ४७ के. पिवळ्या दिव्याखाली लाल काय अन् नारिंगी काय. ११८ पटीची १३ पट झाली होती. बदलला आणि पेडल असं भसाडं गायला लागलं, की शेजारच्या आजोबांनी भिंत ठोकली. ती दाद होती की तक्रार, ते अजून कळलेलं नाही.

आता डब्याकडे येते. पेडलसाठी पेटी मागवली होती, पण तिला यायला वेळ होता आणि नातीला दम नव्हता. श्रीखंडाचा डबा अगदी मापाचा दिसला. तीन नॉब, एक बटण, एक दिवा, दोन सॉकेट, एक अडॅप्टर : झाली आठ भोकं. पण प्लॅस्टिकच ते, विजेची पन्नास सायकलची घूं जशीच्या तशी आत. मग आतून पोळ्या गुंडाळायची फॉइल चिकटवली. फॉइलला कथील धरत नाही, म्हणून उघडी तार सॉकेटच्या नटाखाली दाबून अर्थ केला. घूं गेली! जावयांनी मला शेकहँड केला. तेवढ्यात फॉइलचा एक कोपरा बटणाच्या नऊ पायांपैकी कुठल्याशा पायाला टेकला आणि पेडलनं मौन धरलं. श्रीखंडाला जे जमतं ते त्यालाच करू द्यावं.

अखेर ओतीव ॲल्युमिनियमची पेटी आली आणि खरं भांडण सुरू झालं, सजावटीचं. नातीनं वर गणपती काढायचा म्हणून कागदावर आखूनही ठेवला होता, फार सुंदर. मी म्हटलं, "पायानं दाबायच्या वस्तूवर गणपती?" ती म्हणाली, "मग सरस्वती?" मी कपाळावर हात मारला. मिरजेत वाढलेल्या बाईची अडचण तिला कशी कळावी? तंबोऱ्याला चुकून पाय लागला तर आपण तीनदा नमस्कार करतो, आणि इथं वाद्याचा भागच मुळी लाथ मारण्यासाठी! जावई म्हणाले, नाटकात पायपेटी वाजवायचेच की पायानं. मुद्दा बिनतोड होता, म्हणून मला त्यांचा जास्तच राग आला.

तडजोड अशी झाली. पेटी हिरवी, मूळ पेडलला मान म्हणून. रंग ओव्हनमध्ये मंद आचेवर भाजला. मोहरी तडतडली की बोंबलणारा आमचा धुराचा अलार्म तेव्हा मात्र गप्प होता. नातीच्या जन्माच्या वेळी आईनं आणलेल्या इरकलीच्या गोधडीचा एक काठ सुटला होता, तो चारी बाजूंनी चिकटवून वर लॅकरचे तीन हात दिले. काठ बाजूला, पाय वर, म्हणजे पाय लागत नाही, असा निकाल मी दिला. वरचं कोर्ट मिरजेत आहे, तिथं अपील करू नका.

नॉबची नावं मराठीत हवीत, हा नातीचा हट्ट. छापायला गेलो तर प्रिंटरनं वेलांट्या भलत्याच अक्षरांवर फेकल्या, म्हणून उदबत्तीची काडी इनॅमलमध्ये बुडवून मीच लिहिली. टोनला 'धार', लेव्हलला 'आवाज' सुचायला वेळ लागला नाही. ड्राइव्हपाशी अडलो. 'फाड' बरं दिसेना. मग सतारमेकर गल्ली आठवली. सकाळभर कर्ण्यांची भणभण काढून तुम्ही दुपारी मला तिथं घेऊन जायचात आणि कारागीर घोडीवर कानस चालवून तारेखाली दोरा सरकवायचा. टण्ण् करणारी तार एकाएकी पसरायची, भणभणायची, आणि तुम्ही मान डोलवायचात. घरी येईपर्यंत चहाचं नाव नाही. तिथं तार घोडीला घासते, इथं डायोड शीग काढतो, यंत्र वेगळं. पण स्वराच्या अंगचे वरचे स्वर मुद्दाम जागवायचे, हा उद्योग तोच. मी 'जवारी' लिहिलं. पेडलचं नाव 'भसाडा'.

शुक्रवारी शाळेच्या हॉलमध्ये पहिलं वाजवणं झालं. (आदल्या रात्री वायर सॉकेटमध्येच राहिल्यानं बॅटरी उतरली होती. वायर खुपसली की चालू, अशी व्यवस्था आहे; आता सगळ्यांच्या लक्षात राहील.) गाण्याच्या मध्यावर नातीनं बूट काढला, वाकून डबीला हात लावला, कपाळाला लावला आणि मग मोज्याच्या पायानं दाबलं. ड्रमवाल्या मुलाला वाटलं, हिचं काहीतरी पडलं.

एक काम आहे. तुमच्या उजव्या ड्रॉवरमध्ये जुन्या रेडिओंतले ओए७९ असतील, काचेचे जर्मेनियम डायोड. ते ०.३ व्होल्टच्या आसपासच जागे होतात, आवाज आणखी मवाळ फाटेल. चार पाठवा. आई दिवाळीचा फराळ पाठवणारच आहे, त्यात चिवड्याच्या तळाशी ठेवा. आणि डबा परत मिळेल असं तिला आपणहून सांगू नका.

आपली,
धाकटी