मोहरेला एक शेळी

कुरकुंभला सहलीला कोणी जात नाही. पुणे-सोलापूर महामार्गावर पुण्यापासून 70-75 किलोमीटरवर हे गाव आहे. दौंडहून बारामतीला जाणारा रस्ता इथे महामार्गाला आडवा जातो, आणि आजूबाजूला एमआयडीसीतले रसायनांचे कारखाने. आम्ही चौघं मित्र मात्र गेलो. आमच्यातला एक सोलापूरला कर सल्लागार, एक बारामतीकडे बागायतदार, मी पुण्याचा आणि चौथा कुरकुंभमध्येच एका कारखान्यात शिफ्ट इनचार्ज. सगळ्यांची सारखीच गैरसोय होईल असं दुसरं ठिकाण नकाशात सापडेना. शिवाय फिरंगाईमातेला जातोय, असं घरी सांगता आलं. दर्शन घेतलंही. देऊळ बघण्यासारखं आहे. यवत, चौफुला, वरवंड, पाटस ही गावं वाटेत लागली, पण माझं सगळं लक्ष पुढच्या उसाच्या ट्रॉलीकडे होतं, कारण ती एका बाजूला कलली होती आणि मी त्याच बाजूला होतो.

जायचं खरं कारण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. इनचार्जचा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. तो हा खेळ खेळतो आणि आम्हाला शिकवायला तयार होता. पन्नाशीत फक्त रक्तदाबाची चर्चा करायची नसेल तर काहीतरी नवं शिकायला हवं, असं इनचार्जचं म्हणणं. गोष्ट अशी: एकजण सूत्रधार. तो सांगणार समोर काय दिसतंय, आपण सांगायचं आपण काय करतो, आणि जमलं की नाही ते फासा ठरवणार. फासे चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे. त्यातला चार बाजूंचा अनवाणी पायाखाली आला की सराट्याचा काटा परवडला.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी 1974 मध्ये हा खेळ बाजारात आणला. पहिल्या खेपेला हजारच प्रती छापल्या होत्या. गायगॅक्स आधी विमा कंपनीत होता, आणि ती नोकरी गेल्यावर चपला-बूट दुरुस्त करून घर चालवत होता. विम्याचं कळलं आणि माझा जीव भांड्यात पडला. तीनशेहून जास्त पानांचं नियमपुस्तक, प्रत्येक नियमाला अपवाद आणि अपवादाला अटी. हे काम दुसऱ्या कोणाला सुचणार?

पात्रं निवडायची वेळ आली. मी बार्बेरियन झालो. मी रिक्षावाल्याला आवाज चढवून ‘मीटर टाका’ असं कधी म्हटलेलं नाही, म्हणून निदान इथे तरी दोन हातांनी कुऱ्हाड फिरवावी असं वाटलं. कर सल्लागार विझार्ड, बागायतदार जंगलातला तिरंदाज, इनचार्ज जखमा बऱ्या करणारा क्लेरिक.

“काका, तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात,” भाचा घोगऱ्या आवाजात म्हणाला. “आत अंधार आहे. कसलातरी उग्र वास येतोय. काय करता?”

मी ‘आत शिरतो’ म्हणणार, तेवढ्यात इनचार्जनं विचारलं, “वारा कुठून कुठं आहे?”

आम्ही हसलो. भाचाही हसला. म्हणाला, “मामा, वाऱ्याचं काही लिहिलेलं नाहीये.”

“मग ठरव. वास येतोय ना? वारा बघितल्याशिवाय एक पाऊल टाकायचं नाही. आणि पळायचं तर वाऱ्याबरोबर नाही, आडवं पळायचं.”

तो हसत नव्हता. 2019 च्या ऑगस्टमध्ये इथल्या एका रसायन कारखान्यात रात्री मोठी आग लागली होती, आणि माणसं पोराबाळांना उचलून, घरं उघडी टाकून निघाली होती. पेपरात वाचून मी तेव्हा त्याला फोन केला होता. ‘सगळं ठीक आहे’ म्हणून त्यानं दोन वाक्यांत ठेवून दिला होता. आता तो बोटानं सतरंजीवर रेघ ओढून भाच्याला दाखवत होता: इथे गुहा, इथे आपण, वारा असा, म्हणजे थांबायचं तर इथे. खिडकीतून दूरवर एका कारखान्याच्या छपरावरची पट्ट्यापट्ट्यांची वाऱ्याची पिशवी दिसत होती. तो बोलताना मधूनच तिकडे बघायचा. ही सवय त्याला किती वर्षांची आहे, हे आमच्यापैकी कोणी कधी विचारलं नव्हतं. वहिनींनी न बोलता चहा आणून ठेवला.

भाच्यानं गुहेला वारा दिला. आम्ही आडवे सरकलो.

इथवर सगळं ठीक होतं. पण तेवढ्यात कर सल्लागाराच्या हाती पुस्तकातलं दरपत्रक लागलं, आणि मोहिमेचं वाटोळं झालं.

“शेळी एका मोहरेला,” तो चष्मा वर करून म्हणाला. “आणि आलं? रत्तलभर आलंसुद्धा एका मोहरेला!”

बागायतदार तोवर लोडाला टेकून पेंगत होता. तो उठून बसला. “शेळी आणि आलं एका भावात? दाखव.”

2014 च्या आवृत्तीत हे खरोखर छापलंय. कोंबडी दोन तांब्याच्या नाण्यांना, मेंढी दोन मोहरांना, गाय दहा, बैल पंधरा. जखम भरून काढणाऱ्या औषधाची बाटली पन्नास मोहरा.

“एका बाटलीला पन्नास शेळ्या?” बागायतदार कळवळला. “मेलो तरी चालेल, ते औषध माझ्या तोंडात घालायचं नाही.”

मग हिशेब सुरू झाला. चौघांच्या मोहरा एकत्र केल्या. माझी कुऱ्हाड तीस मोहरांची, जुना माल अर्ध्या किमतीला जातो, म्हणजे पंधरा शेळ्या. विझार्डाचं मंत्रांचं पुस्तक पन्नासचं, पण ग्रंथ विकू नयेत, असं खुद्द विझार्डाचं मत पडलं. कुऱ्हाड गेली. मी आता काठीवाला बार्बेरियन झालो.

“शेळी उस्मानाबादी की संगमनेरी?” बागायतदारानं विचारलं. भाचा पानं उलटू लागला. “दोन दाती की चार दाती? गाभण आहे का? पाच महिन्यांत विते, उस्मानाबादी असली तर जुळी पण देते. पाच महिने थांबू की.”

“काका, खाली ड्रॅगन आहे.”

“तो कुठं पळून चाललाय?”

भाच्याचा चेहरा बघवेना. शेवटी त्यानं सूत्रधाराचा अधिकार वापरला: मध्यरात्री चार गॉब्लिन शेळ्या पळवायला आले. तिरंदाज तीरकमान सोडून शेळ्या मोजत बसला. विझार्ड म्हणाला, या मालाचा विमा उतरवायला हवा होता. राहिलो मी. मी सतरंजीवर उभा राहून आरोळी ठोकली (शेजारच्या घरातला कुत्रा भुंकला), आणि वीस बाजूंचा फासा टाकला. एक पडला.

“सॉरी काका,” भाचा म्हणाला, पण आवाजात दुःख नव्हतं. “काठी हातातून निसटून तुमच्याच शेळीला लागते.”

“गाभण होती रे ती!” बागायतदार खराखुरा ओरडला, आणि जेवणाचं ताट समोर येईपर्यंत त्यानं माझ्याशी अबोला धरला. इनचार्जनं आपला एकुलता एक मोठा मंत्र शेळीवर खर्च केला. माझ्या खांद्यात गॉब्लिनाचा भाला होता, ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

तह घडवला वहिनींनी. भाकऱ्या थापून झाल्यावर त्या दारात येऊन म्हणाल्या, “अहो, त्यांनाच राखणीला का ठेवत नाही? चोराला किल्ल्या दिल्या की चोरी थांबते.” भाच्यानं फासा त्यांच्याच पिठाच्या हातात दिला. वीस! गॉब्लिनांनी भाले टाकले.

त्यानंतर जेवण होईपर्यंत एकच वाद. कर सल्लागाराचं म्हणणं, गॉब्लिन पगारावर ठेवा, हजेरीपत्रक मी करतो. बागायतदाराचं म्हणणं, शेळ्या अर्धलीनं द्या, होतील ती पिल्लं निम्मी त्यांची निम्मी आपली, म्हणजे तेच जीव लावून सांभाळतील. पिठल्याच्या तीन वाढण्यांनंतर अर्धल ठरली. गॉब्लिनांचा अंगठा घेतला.

“काका, मग आता गुहेत?” भाच्यानं आशेनं विचारलं.

“जाऊ की,” बागायतदार हात पुसत म्हणाला. “आधी सांग, पीपीआरची लस तुझ्या त्या पुस्तकात कितीला आहे?”