वेळेचा खुर्दा

आत्मिक उन्नतीसाठी मोठा, सलग व निर्वेध असा वेळ हवा, आणि तो मिळाल्यावाचून त्या कामाला हात घालणे म्हणजे देवाचा एक प्रकारे उपमर्दच होय, अशी आमच्या मंडळीतील बहुतेक सभासदांची प्रामाणिक समजूत आहे. आणि असा वेळ मनुष्यास इहलोकी सहसा लाभत नसल्यामुळे, या समजुतीइतकी सोयीची दुसरी समजूत माझ्या पाहण्यात नाही. तरुणपणी नोकरी नवी असते. पुढे मुले लहान असतात. ती मोठी झाली की त्यांच्या लग्नांच्या खटपटी सुरू होतात. आणि अखेर सारी भिस्त पेन्शनीवर येऊन ठेपते. मी स्वतः पेन्शनर असल्याने या शेवटच्या आशेविषयी अधिकारवाणीने सांगू शकतो, की पेन्शनराइतका कामात गढलेला प्राणी सृष्टीत अन्य नाही. सकाळी वर्तमानपत्र, त्यानंतर त्याच वर्तमानपत्राविषयी शेजारच्या पेन्शनराशी विचारविनिमय, मग ज्यांचे पेन्शन कोठेतरी अडकून पडले आहे अशा दुर्दैवी जीवांच्या अर्जांचे मसुदे, दुपारी वैद्यकीय सल्ल्याची विश्रांती आणि सायंकाळी त्या विश्रांतीने आलेला शीण घालविण्यासाठी फेरफटका, एवढ्या व्यापातून सार्वकालिक जीवनाच्या तयारीला सवड काढणे किती दुर्घट आहे, याची कल्पना नोकरीत असलेल्या मंडळींना येणार नाही.

तथापि दरसाल १ जानेवारीस या बाबतीत एक सामुदायिक उत्साह उसळतो. पवित्र शास्त्राचे एकूण अध्याय ११८९. रोज तीन व रविवारी पाच वाचले असता वर्षाच्या आत सर्व शास्त्र सुखरूप पार पडते, असा एक जुना हिशेब आहे, आणि तो हिशेब म्हणून बिनचूक आहे. उत्पत्तीचे पन्नास अध्याय जलप्रलय, योसेफाचा रंगीत झगा व मिसरातील दुष्काळ यांच्या बळावर झरझर सरतात. निर्गमाच्या पूर्वार्धात समुद्र दुभंगतो, तोवर वाचकही टिकून असतो. परंतु निवासमंडपाचे पडदे, फासे व कोंदणे यांची मोजमापे सुरू झाली की त्याचा श्वास जड होऊ लागतो, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लेवीयच्या तेराव्या अध्यायात, अंगावरील चट्ट्याची याजकाने तपासणी कशी करावी या प्रकरणापाशी, आमच्या मंडळीतील निम्म्याहून अधिक वाचक कायमचे मुक्कामाला राहतात. कोणाही सभासदाच्या घरी जाऊन त्याचे शास्त्र सहज उघडावे, तर खुणेची फीत हटकून याच परिसरात सापडते. लेवीयविषयी माझी यत्किंचितही तक्रार नाही. माझे म्हणणे इतकेच, की बारमाही कार्यक्रमाचा बडेजाव ज्याला झेपत नाही, त्याने स्तोत्रसंहितेतील ११७ वे स्तोत्र उघडावे. त्याला अवघी दोन वचने आहेत, आणि ती चहा निवेपर्यंत वाचून, वर त्यांवर विचारही करता येतो.

माझी उभी हयात सरकारी खजिन्यात गेली, आणि तेथे मला एक गोष्ट पक्की कळली, ती ही की खुर्द्यास कोणी मान देत नाही. शंभराच्या नोटा आणणाऱ्यास खुर्ची मिळते. चिल्लरीची पिशवी घेऊन येणारास, मोजणाराच्या कपाळावरील आठ्या मोजीत उभे राहावे लागते. वास्तविक दोघांचीही रक्कम सारख्याच शाईने जमेस धरली जाते. म्हणूनच मार्काच्या शुभवर्तमानात प्रभू येशू भांडारासमोर बसून लोक पैसे कसे टाकतात हे पाहत होता, हा प्रसंग वाचताना माझ्यातील कारकून एकदम सावध होतो. पुष्कळ धनवानांनी पुष्कळ टाकले, त्याची वाहवा झाली नाही. वाहवा झाली ती एका विधवेच्या दोन क्षुल्लक नाण्यांची, जी आमच्या काउंटरावर कोणी ठेवली असती तर तिला बहुधा दुसऱ्या खिडकीकडे जाण्यास सांगण्यात आले असते. वेळेच्या बाबतीतही देवाच्या खजिन्यात हीच वहिवाट असावी, असा माझा तर्क आहे. आणि ज्याच्या कनवटीला सलग तासाची नोट कधी नसतेच, त्याने पाच मिनिटांचा खुर्दा टाकण्यास लाजू नये.

हा खुर्दा गोळा करण्यास आमच्या नगरासारखे दुसरे शहर नाही. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर धावली, म्हणजे एस.टी.ची वाट पाहण्याच्या विद्येत आम्ही नगरकर महाराष्ट्राचे आद्य विद्यार्थी ठरतो. गाडी ‘आत्ताच लागेल’ असे चौकशीच्या खिडकीतून सांगितले जाते तेव्हापासून ती प्रत्यक्ष लागेपर्यंतचा काळ लोक बिडीत, राजकारणात किंवा कंडक्टरच्या घराण्याचा उद्धार करण्यात घालवितात. तेवढ्यात यहूदाचे पत्र, ज्याची वचने फक्त २५ आहेत, आरामात वाचून होते. गाडी नेहमीच्या शिरस्त्याने आली तर फिलेमोनाचेही. प्रार्थनेला मात्र डोळे मिटण्याची एस.टी. स्थानकावर सोय नाही, कारण मिटलेले डोळे उघडेपर्यंत पिशवी प्रभूच्या नव्हे, तर भलत्याच्याच हाती सुपूर्द झालेली असते. ‘जागृत राहा व प्रार्थना करा’ या अर्थाची जी आज्ञा आहे, तिच्या पहिल्या भागाचे मर्म मला तेथेच उमगले.

आणि वाहनात गेलेला वेळ फुकट गेला, असे म्हणण्याचा अधिकार मराठी ख्रिस्ती माणसाला तर मुळीच नाही. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले असता आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांची गाठ पडली. काव्यावरून निघालेले बोलणे धर्मावर आले. त्या गृहस्थाने नव्या कराराची प्रत टिळकांच्या हाती ठेविली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला, पुढे ते आमच्या नगरास राहिले, आणि आज आमची उपासना त्यांच्या गीतांवाचून एक रविवारही उभी राहू शकत नाही. त्या सहप्रवाशाने ‘अशा गंभीर विषयावर एखादे दिवशी निवांत बसून बोलू’ असे म्हणून उशीला डोके टेकले असते, तर आम्हाला आजही इंग्रजी चालींना ठोकून बसविलेल्या शब्दांवरच गुजराण करावी लागली असती. डब्यातील इतर उतारूंनी ते दोन-चार तास कसे घालविले, याची इतिहासाने नोंद ठेवलेली नाही. डबे उघडून दशम्या खाल्ल्या असाव्यात.

माझे एक वसईचे कॅथलिक स्नेही आहेत. त्यांच्याकडे देवळाची घंटा सकाळ, दुपार व संध्याकाळ अशी त्रिकाळ होते, आणि घंटा झाली की हातचे काम क्षणभर थांबवून ठरलेली लहानशी प्रार्थना म्हणण्याची तिकडे पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. आम्ही पडलो प्रॉटेस्टंट. आमचा सारा भर व्यक्तीच्या अंतःस्फूर्तीवर. परंतु अंतःस्फूर्ती बारा वाजता हमखास होतेच असे नाही, आणि घंटा होते. हे मी आमच्या पाळकसाहेबांसमोर म्हणत नाही, तरी मनात त्या घंटेचा हेवा वाटल्याखेरीज राहत नाही.

फुटकळ वेळेच्या या शास्त्राचे आद्य आचार्य म्हणून सतराव्या शतकातील ब्रदर लॉरेन्स यांचे नाव सर्वत्र घेतले जाते. हे पॅरिसच्या कार्मेली मठात आचारी होते, आणि प्रार्थनेची वेळ व भांडी खडखडण्याची वेळ यांत आपल्याला काही अंतर वाटत नाही, असा त्यांचा अनुभव होता. १६९१ साली ते वारले, पण त्यांची संभाषणे व पत्रे अद्याप वाचली जातात. हे सर्व मी एके दिवशी मोठ्या भक्तिभावाने आमच्या सौभाग्यवतींना वाचून दाखविले. त्या वेळी त्या कांदा चिरीत होत्या, त्यामुळे त्यांच्या डोळ्यांतील पाण्याचा अर्थ मी प्रथम माझ्या वाचनाच्या बाजूने लावला.

“अहो, त्या बाबांना मठात मीठ-मिरची कोण आणून देत होतं?” त्यांनी विचारले.

मठाच्या कोठारातून येत असावे, असे मी म्हणालो.

“तरीच. आणि स्वयंपाकघरात देवाची आठवण ठेवायला मोठी साधना लागते असं तुम्हां पुरुषांना वाटतं, कारण तुम्ही तिथं फक्त जेवायला येता. दूध उतू जायच्या बेतात असलं आणि दाराशी पोस्टमन ओरडत असला, की देवाचं नाव घ्यायला कुणी शिकवावं लागत नाही.”

मी सुझाना वेस्ली यांचा दाखला पुढे केला. जॉन व चार्ल्स या वेस्ली बंधूंच्या या मातुःश्रींना १९ अपत्ये झाली, त्यांतील १० बालपणातून वाचली. घरात एकांत म्हणून नव्हताच, तेव्हा त्या पुढचा एप्रन डोक्यावर ओढून घेत व तेवढ्या तंबूत प्रार्थना करीत, आणि त्या वेळी आईशी कोणी बोलायचे नाही हे मुलांना ठाऊक असे, अशी कथा सांगतात. यावर सौभाग्यवतींनी कांद्याचे हात धुतले, डोक्यावर पदर ओढून घेतला आणि डोळे मिटून त्या स्वस्थ बसून राहिल्या. मी दोनदा हाक मारली, पण उत्तर आले नाही. पुढे बऱ्याच वेळाने मला असे कळले, की ही पद्धत आमच्या घरात गेली कित्येक वर्षे चालू असून, मी तिला आजवर डोकेदुखी समजत होतो.

मात्र हा खुर्दा फार काटेकोरपणे मोजू लागले की काय होते, याचेही एक उदाहरण आमच्या मंडळीत घडले आहे. फ्रँक लॉबॅक नावाचे एक अमेरिकन मिशनरी फिलिपाइन्समधील मिंडानाव बेटावर होते. प्रत्येक मिनिटाला निदान एकदा तरी देवाचे स्मरण व्हावे, असा प्रयोग त्यांनी १९३० च्या सुमारास आरंभिला, आणि पुढे त्याला मिनिटांच्या खेळाचे स्वरूप देऊन तो लोकांपुढे ठेविला. ही हकीकत आमच्यातील एका सेवानिवृत्त हिशेबतपासनिसाच्या कानी गेली. लॉबॅकसाहेबांना जो खेळ वाटला, त्यात या गृहस्थांना एक रजिस्टर दिसले. त्यांनी लाल शाईने रकाने आखले: तारीख, तास, स्मरण झालेली मिनिटे, न झालेली मिनिटे, एकूण, शेरा. मंडळीत कोणी सलाम केला तर ते आधी घड्याळाकडे पाहून मग सलाम घेऊ लागले. महिनाअखेरीस बाकी काढताना बेरजेत सात मिनिटांची तूट निघाली, आणि ती शोधण्यात त्यांची एक संपूर्ण संध्याकाळ गेली. तूट सापडली, परंतु शोधाशोधीच्या त्या संध्याकाळी देवाचे स्मरण क्षणमात्र झाले नव्हते, आणि ही मिनिटे कोणत्या सदरी टाकावीत हा पेच त्यांनी पाळकसाहेबांकडे लेखी नेला. पाळकसाहेबांनी कागद ठेवून घेतला आहे.

तेव्हा हेतू असावा, पण हिशेब नसावा, या मताचा मी आहे. आणि या मताला माझा आधार म्हणजे नहेम्या. हा गृहस्थ शूशन राजवाड्यात अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार, म्हणजे शाही दरबारातील सरकारी नोकरच. यरुशलेमेचा तट मोडून पडल्याचे वर्तमान ऐकून त्याचा चेहरा उतरला होता. राजाने द्राक्षारस घेताना ते ओळखून विचारले, तुझी मागणी काय? राजाने प्रश्न केला आहे, राणी शेजारी बसली आहे, आणि उत्तराला विलंब झाला तर नोकरीच काय, मस्तकही जाण्याचा संभव आहे, अशा स्थितीत, प्रश्न आणि उत्तर यांच्या मधल्या सांदीत, त्याने स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली, एवढेच तो लिहून ठेवतो. शब्द कोणते ते सांगत नाही. शब्द बहुधा नव्हतेच. वाचणारे सहसा विसरतात ते हे, की किसलेव महिन्यापासून नीसान महिन्यापर्यंत, सुमारे चार महिने, तो उपास व प्रार्थना करीत आला होता. म्हणून ऐन वेळी त्याला प्रस्तावना करावी लागली नाही. आमच्याकडे काही वडीलधारे प्रार्थनेच्या प्रारंभी सृष्टीच्या उत्पत्तीपासून आरंभ करतात, ते याच मागील बाकीमुळे. आठवडाभर बोलणे झालेले नसते, तेव्हा रविवारी ओळखदेख नव्याने करून द्यावी लागते.

सरकारी कारकुनाच्या दृष्टीने तर या प्रसंगातील खरा चमत्कार त्यानंतरच घडतो. राजाने रजा तत्काळ मंजूर केली, मुदत तोंडी ठरली, नदीपलीकडच्या सुभेदारांना दाखल्याची पत्रे मिळाली, बरोबर स्वार दिले गेले, आणि शाही वनाचा रखवालदार आसाफ याच्या नावे वेशींसाठी, तटासाठी व खुद्द नहेम्याच्या घरासाठी इमारती लाकूड देण्याचा हुकूम निघाला. हे सारे एका बैठकीत, कोठेही ‘अभिप्रायार्थ सादर’ असा शेरा न पडता. आसाफाने ते लाकूड किती दिवसांत काढून दिले, हे पवित्र शास्त्रात नमूद नाही. पण यरुशलेमेचा तट अवघ्या ५२ दिवसांत पुरा झाला, यावरून तो आमच्या खात्यातला नव्हता, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.