सावली हरवली, मोहर्ली

मे महिन्यात मोहर्लीला जाऊ नये, असं चंद्रपूरचे लोकच सांगतात. आणि ते स्वतः जातही नाहीत, कूलरसमोर बसतात. पण उन्हाळ्यात पाणी आटलं की वाघ पाणवठ्यावर येतो, असं कुणीतरी आमच्या हिच्या कानात घातलं होतं. म्हणून २१ मेच्या पहाटे खिशात एकेक कांदा टाकून आम्ही ताडोब्याच्या जिप्सीत बसलो.

वाघ आला नाही. त्याच्या पंजाचा ठसा तेवढा धुळीत भेटला. पाणवठ्यावर एक रानडुक्कर लोळत होतं, त्याचे सव्वाशे फोटो काढून परतलो.

दुपारी बाराच्या सुमारास गाइडताईंशी मुक्कामाच्या अंगणात पैशांचा हिशेब चालला असताना नॉर्वेतल्या ट्रॉम्सोहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. डोळे लाल. "मामा, काल रात्री सूर्य मावळलाच नाही! आता २२ जुलैपर्यंत असंच."

ताई स्क्रीनमध्ये डोकावल्या. "रात्रीले बी सूर्य? मंग संध्याकाळची सफारी कवा सुटते तिकडे?"

भाचा हसला आणि म्हणाला, "मामा, स्टीलची बाटली उन्हात उभी करा आणि बारा-नऊला बघा."

ठेवली. बाटलीची सावली बोटभर होती, ती नखाएवढी झाली, मग बुडाखाली सरकली आणि दिसेनाशी झाली. अंगणातल्या खांबाचीही गेली. मी माझी शोधली, पण मधे पोट आल्यामुळे निकाल लागला नाही. ही म्हणाली, "तुमची आहे. चांगली घेरदार आहे."

सूर्य बरोबर डोक्यावर होता. मोहर्ली २० अंश अक्षांशाच्या किंचित वर, ट्रॉम्सो ६९ अंशांच्या वर. बेरीज जवळजवळ ९०. ज्या दोन गावांची बेरीज अशी ९० भरते, त्यांतल्या एकाची दुपारची सावली जाते त्याच सुमारास दुसऱ्याची रात्र जाते. इतकी वर्षं मी पत्रिकेतले गुण जुळवत आलो, हे कुणी सांगितलंच नाही.

या जुळणीचं कारण सकाळी जिप्सीतच दिसलं होतं. आमची ही ज्या झाडाकडे एकदा कलली, त्या झाडाकडेच कललेली राहिली. जिप्सीनं कितीही वळणं घेतली तरी. पृथ्वीही अशीच साडेतेवीस अंश कलून, एकाच दिशेला, सूर्याभोवती फेरी मारते. जूनमध्ये उत्तरेचं डोकं सूर्याकडे, डिसेंबरात पलीकडे. त्यामुळे मोहर्लीचा दिवस जूनमध्ये १३ तास २० मिनिटांचा होतो आणि डिसेंबरात ११ तासांनाही पाचेक मिनिटं कमी पडतात. अडीच तासांचा फरक. ट्रॉम्सोत डिसेंबरात सूर्य उगवतच नाही. तो परततो जानेवारीच्या मध्याला, संक्रांतीच्या सुमारास. तिळगूळ खऱ्या अर्थानं त्यांनीच वाटायला हवा.

"पण इतकं उकडतंय म्हणजे सूर्य जवळ आलाय ना रे?" मी विचारलं.

"लांब चाललाय. जुलैच्या सुरुवातीला सगळ्यांत लांब, सव्वापंधरा कोटी किलोमीटरच्या आसपास. जवळ येतो तो जानेवारीत."

म्हणजे चंद्रपूर भाजून निघतं ते सूर्य दूर जात असताना! तिरपं ऊन जमिनीवर पसरून पडतं, सरळ ऊन एकाच जागी पडतं आणि वर दिवसही मोठा. ताईंना हे नवीन नव्हतं. "नवतपा चार दिवसांवर आला, काका. आता तापनच."

यानंतर दोन महिने मोहर्लीत दुपारची सावली दक्षिणेला पडते, कारण सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो. परत येताना २२ जुलैच्या आसपास तो सावली पुन्हा पळवतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं आणि पावसाळ्यामुळे कोअरचं गेट बंद. तेव्हा यायचं तर मेमध्येच या. वाघाची खात्री देत नाही. स्टीलची बाटली मात्र आणा.