बावन्न दरवाजे आणि एक लॉग-इन

डॅशबोर्ड हा शब्द मुळात घोडागाडीचा. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे जी फळी ठोकत, तिचे हे नाव. पुढे घोडा गेला, मोटार आली, फळीवर काटे आणि तबकड्या बसल्या. आणि मग नुसते नावच उचलून संकेतस्थळांच्या मागच्या खोलीला दिले गेले. चिखल अडवण्याचे मूळ काम मात्र या खोलीने सोडले आहे. छत्रपती संभाजीनगरात एखाद्या साडीच्या दुकानाची, मंगल कार्यालयाची किंवा शिक्षण संस्थेची साइट बिघडते तेव्हा चिखल उडतोच, आणि तो भाच्याच्या अंगावर उडतो.

भाचा ही या विषयातली पायाभूत संज्ञा आहे. बारावीच्या सुट्टीत ज्याने साइट करून दिली आणि जो आता पुण्याला हिंजवडीत नोकरी करतो, त्याला भाचा म्हणतात. प्रत्यक्षात तो पुतण्या, मेहुणा किंवा सिडकोतल्या शेजाऱ्यांचा मुलगा असला तरी व्याख्या बदलत नाही. ज्याच्यासाठी साइट केली तो मामा. मामाने भाच्याला मोबदला म्हणून काय दिले, याबाबत दोन्ही बाजूंच्या आठवणी जुळत नाहीत.

साइट बहुधा वर्डप्रेसवर असते. ही प्रणाली २७ मे २००३ रोजी बाहेर आली आणि तिचा जन्मही भाच्यामुळेच झाला. त्याआधी बी-टू नावाची एक प्रणाली होती. तिचा कर्ता अचानक दिसेनासा झाला, महिनोन्महिने दुरुस्त्या येईनात. तेव्हा अमेरिकेतला मॅट मुलनवेग आणि इंग्लंडमधला माइक लिटल या दोघांनी ते अनाथ लेकरू उचलले आणि त्याचे वर्डप्रेस केले. जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक साइट आज ज्यावर चालतात, त्या गोष्टीच्या मुळाशी फोन न उचलणारा एक माणूस आहे, हे मामांच्या दृष्टीने समाधानाचे आहे.

आता प्रवेश. हे शहर बावन्न दरवाजांचे म्हणून ओळखले जाते. मलिक अंबरने १६१२ मध्ये उभारलेला भडकल दरवाजा अजून उभा आहे. डॅशबोर्डला दरवाजा एकच. साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन डब्ल्यूपी-ॲडमिन असे लिहिले की तो समोर येतो. सगळ्या वर्डप्रेस साइटचा दरवाजा मुळात याच ठिकाणी असल्यामुळे तो चोरांनाही शोधावा लागत नाही. त्यांची यंत्रे रात्रभर कड्या वाजवत फिरतात आणि आधी ‘ॲडमिन’ हे नाव आणि सोपे पासवर्ड लावून पाहतात. मामाच्या साइटचे सदस्यनाम ॲडमिनच असते. पासवर्ड दुकानाच्या नावापुढे एक-दोन-तीन. तो गल्ल्यामागे गणपतीच्या फोटोखाली चिकटवलेला असतो, म्हणजे गिऱ्हाइकांपासूनही सुरक्षित राहत नाही.

संरक्षण कसे असावे हे पाहायला फार लांब जायला नको. देवगिरीच्या किल्ल्यावर खंदक आहे, तासून उभा केलेला कडा आहे, आणि त्यापुढे अंधारी आहे : काळोखातला वळणावळणांचा बोगदा, ज्यात शत्रूला आपण कुठे निघालो आहोत हेच कळू नये. दोन टप्प्यांच्या पडताळणीत अंधारीचे काम ओटीपी करतो. फरक एवढाच, की देवगिरीची अंधारी परक्यांसाठी होती. इथे ओटीपी भाच्याच्या मोबाइलवर जातो, त्यामुळे आत अडकून बसतो तो किल्लेदार.

पासवर्ड विसरला तर नवा ठरवण्याची लिंक ई-मेलने येते. ती भाच्याच्या कॉलेजच्या मेलवर येते. लिंक २४ तासच चालते. भाच्याची रात्रपाळी, त्यानंतरची झोप आणि मेलचा पासवर्ड आठवण्याचा काळ यांची बेरीज त्याहून मोठी भरते. मामाच्या फोनला सकाळी उत्तर मिळते ते असे : “मामा, काय करायलेत? कशालाच हात लावू नका, संध्याकाळी बघतो.” कोणती संध्याकाळ हे त्यात नसते. एकदा आत गेल्यावर ‘लक्षात ठेवा’च्या चौकटीत टिक केली असेल तर चौदा दिवस, नसेल तर दोन दिवस पुन्हा विचारणा होत नाही. मामांचा त्या चौकटीवर विश्वास नसतो. लक्षात ठेवायला आपण आहोत ना, असे त्यांचे म्हणणे.

आत गेल्यावर वरच्या कोपऱ्यात साइट ‘हाउडी’ म्हणते. हा टेक्सासकडचा रामराम. मुलनवेग ह्यूस्टनचा, त्यामुळे आला असावा. डावीकडची उभी यादी २००८ च्या डिसेंबरातल्या आवृत्तीपासून तिथेच आहे. मधोमध चौकटी असतात : साइटवर काय किती आहे याची मोजदाद, ताज्या घडामोडी, साइटची तब्येत, आणि जगभरच्या वर्डप्रेसकरांच्या बातम्या. तब्येतीच्या चौकटीत कायम सुधारणेला वाव असतो. ती वाचून मामा स्वतःची साखर तपासून येतात. ‘हॅलो डॉली’ नावाचे एक प्लगइनही वर्डप्रेसबरोबर फुकट येते. चालू केले की लुई आर्मस्ट्राँगने गायलेल्या त्याच नावाच्या गाण्यातली एखादी ओळ वर दिसू लागते. भाच्याने दिसेल ते चालू केलेले असते. ही डॉली कोण, हा प्रश्न मामींनी विचारला की साइटची कामे आठवडाभर थांबतात.

सजावटीचा भाग त्या मानाने सोपा आहे. वर उजवीकडे ‘स्क्रीन ऑप्शन्स’ नावाचा एक टॅब लपलेला असतो. तो दाबला की प्रत्येक चौकटीच्या नावापुढे एक टिकचौकोन दिसतो. नको ती टिक काढायची, चौकट जाते. उरलेल्या चौकटी माऊसने धरून वर-खाली मांडता येतात. ही मांडणी ज्याची त्याला दिसते, दुसऱ्याला दिसत नाही. सचिवांनी आपल्या पडद्यावरून बातम्या काढल्या म्हणून अध्यक्षांच्या पडद्यावरून त्या जात नाहीत, आणि संस्थेतला एक वाद तरी त्यामुळे टळतो. रंगही बदलतात : कॉफी, मिडनाइट, ओशन, सनराइज. एकाचे नाव एक्टोप्लाझम आहे. भुताखेतांशी बोलणाऱ्या माध्यमाच्या अंगातून निघते असे मानलेल्या द्रव्याला तसे म्हणतात आणि रंग पाहिल्यावर शंका राहत नाही. डिसेंबर २०१६ पासून प्रत्येकाला आपल्यापुरती भाषाही निवडता येते. मराठी केली की भाच्याने फोनवर सांगितलेले एकही बटण सापडत नाही, म्हणून दुपारपर्यंत ती पुन्हा इंग्रजी होते.

अधिकारांच्या मुख्य पायऱ्या पाच : प्रशासक, संपादक, लेखक, लिहून मंजुरीची वाट पाहणारा योगदानकर्ता आणि नुसता वाचणारा सदस्य. संस्थेच्या कार्यकारिणीत नऊ जण असले तर नऊही प्रशासक होतात. अध्यक्षांना संपादक करणे तांत्रिकदृष्ट्या योग्य असते. ते त्यांना सांगणारा माणूस अजून मिळालेला नाही. प्रशासकाला स्वतःचे पद डॅशबोर्डवरून उतरवता येत नाही, अशी तरतूद आहे, आणि ती सर्व पक्षांना मान्य आहे.

नाव बदलण्याचे प्रकरण इथे सविस्तर घ्यावे लागते. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद असा प्रवास करून २४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्राच्या मंजुरीने शहर छत्रपती संभाजीनगर झाले आणि अनेक मामांनी सेटिंग्ज उघडली. साइटचे शीर्षक बदलणे एका मिनिटाचे काम. त्याखालची ‘आणखी एक वर्डप्रेस साइट’ या अर्थाची मूळ इंग्रजी ओळ जुन्या साइटवर वर्षानुवर्षे तशीच असते, तीही बदलावी. परंतु त्याच पानावर साइटच्या पत्त्याचे दोन रकाने आहेत. पत्त्यातही शहराचे नाव आहे म्हणून मामा तोही बदलतात आणि जतन करतात. नव्या पत्त्याचे डोमेन अजून घेतलेले नसते. त्या क्षणापासून दरवाजा जिथे उघडतो त्या जागी काहीच नसते आणि मामा बाहेर असतात.

डोमेन घेऊनही भागत नाही, जुना पत्ता डेटाबेसातही बदलावा लागतो. काही सेटिंग्ज डेटाबेसात अक्षरसंख्येसह नोंदलेली असतात : मजकूर अमुक आणि त्याची लांबी अमुक. रोमन लिपीत औरंगाबाद १० अक्षरांचे, छत्रपती संभाजीनगर २४ अक्षरांचे. शब्द बदलला आणि आकडा तसाच राहिला की ती सेटिंग्ज वाचताच येत नाहीत. बाजूच्या पट्टीतले सगळे विजेट रात्रीत नाहीसे होतात. हे काम आकड्यांसकट बदल करणाऱ्या साधनानेच करावे. विमानतळाचा आयएक्सयू हा संकेत या सगळ्यातून सुटला. त्यात जुने नाव दिसत नाही आणि नवेही दिसत नाही.

अशा कामाआधी बॅकअप घ्यावा आणि तो उघडून पाहावा. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने देवगिरीला वेढा दिला तेव्हा किल्ल्यात पोत्यांची थप्पी होती. ऐनवेळी सोडली तर धान्याऐवजी मीठ निघाले, असे सांगतात. भाच्याने घेतलेला बॅकअप त्याच थप्पीतला असतो. फाइलचे नाव ‘फायनल’, तारीख साइट सुरू झाली त्या आठवड्याची, आणि आत फक्त लोगो.

शेवटचा विषय म्हणजे खाते काढणे. एखाद्या सदस्याला काढताना डॅशबोर्ड विचारतो, याने लिहिलेले सगळे पुसायचे की दुसऱ्याच्या नावावर करायचे? वाटणीच्या कागदांत इतकी सरळ भाषा क्वचित आढळते. सदस्यांच्या यादीत प्रत्येक नावाखाली ‘काढा’ची लिंक असते, फक्त आत बसलेल्याच्या स्वतःच्या नावाखाली नसते. त्यामुळे एखाद्या दिवाळीत भाच्याशी बिनसल्यावर मामा त्याचे खाते काढायला बसतात तेव्हा ती लिंक त्यांना सापडत नाही. मामा पहिल्या दिवसापासून भाच्याच्याच खात्याने आत येत असतात.