अण्णांचं विमान

"अगं मालूताई, वाळवण राहू दे जरा, इकडे ये कुंपणापाशी. अण्णांनी विमान घेतलं म्हणून पौडभर झालंय ना, त्याचं खरं काय ते मला विचार. कोटेशनचा कागद माझ्याकडेच आहे."

"घेतलं? मी तर ऐकलं, गच्चीवर बांधतायत!"

"ते कॅप्टन अमोल यादव. कांदिवलीला चारकोपमध्ये घराच्या गच्चीवर त्यांनी खरंच सहा जणांचं विमान बांधलं. २०१६ ला मुंबईत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ठेवलं होतं. कुणीतरी अण्णांना त्यांची गोष्ट सांगितली आणि पौडात तिची ही आवृत्ती निघाली. आपले अण्णा कॉम्प्युटर जोडतायत. त्यावर विमान उडवायचं, बसल्या जागी."

"नातवासाठी असेल."

"नातू कसला, स्वतःसाठी! जन्मभर लाइनमन म्हणून खांबावर चढले, आता त्याच्याही वर जायचंय म्हणे. परवा दुकानदाराचा कागद घेऊन आले, 'तुझ्या भाच्याला दाखव, हिंजवडीला असतो ना.' भाचा रविवारी आला, ओसरीवर बसला, आणि त्या कागदावर अशा काटा मारल्या की अण्णांचा चहा गार झाला."

"महाग लावलं होतं?"

"महागापेक्षा भलतीकडे लावलं होतं. काचेचं कॅबिनेट, रंगीत दिव्यांचे सहा पंखे, दिव्यांची रॅम आणि सगळ्यात मोठा आकडा ग्राफिक्स कार्डाचा. भाचा म्हणाला, हा गोळीबाराच्या खेळाचा कॉम्प्युटर आहे. तिथे सेकंदाला दीडशे चित्रं पळाली पाहिजेत, नाहीतर समोरचा आधी गोळी घालतो. विमानात तुमच्यावर कोण गोळी झाडतंय? तीस-चाळीस चित्रं न अडखळता आली की प्रवासी विमान व्यवस्थित उतरतं."

"मग कार्ड स्वस्तातलं चालेल?"

"अगदी स्वस्तातलं नाही. मायक्रोसॉफ्टचा २०२४ चा फ्लाइट सिम्युलेटर आहे ना, त्याला कार्डावर निदान चार जीबी मेमरी लागते, आणि नीट चालायला आठ जीबी सांगितलीय. पण त्याचं खरं अडतं प्रोसेसरपाशी. विमानाचे पंख, वारा, इंजिन, शंभर घड्याळं, दुसरी विमानं, यातला बराच हिशेब एकाच धाग्यातून जातो. सोळा कोअर घेतले तरी त्यातले बरेचसे बघत बसतात."

"म्हणजे आमच्या घरासारखंच."

"हस तू! तर त्यावर तोडगा म्हणजे रायझनचे एक्स-थ्री-डी वाले प्रोसेसर. २०२२ ला पहिला आला, ५८००एक्स३डी. प्रोसेसरच्या अगदी अंगाला लागून जी मेमरी असते ना, कॅश, ती साध्यात ३२ एमबी, ह्याच्यात ९६. आता हे मला कळावं म्हणून भाच्याने माझ्याच स्वयंपाकघरात बोट दाखवलं: मिसळणाचा डबा ओट्यावर असला की फोडणी जळत नाही, दर चिमटीला कोठीत पळायचं म्हटलं की जळते. हे अण्णांना एका फटक्यात पटलं. ७८००एक्स३डी ठरला. कार्ड एक पायरी खाली आणलं, पण सोळा जीबीचंच ठेवलं, कारण विमानतळ आणि शहरं जवळून बघायची तर ती मेमरी भराभर भरते."

"आणि रॅम? आमच्या ह्यांनी लॅपटॉपची वाढवायला नेली आणि भाव ऐकून परत आले."

"तेच! २०२५ च्या शेवटी शेवटी रॅम भडकली. एआयच्या डेटा सेंटरांनी सगळा माल उचललाय. मायक्रॉनने तर डिसेंबरात जाहीरच केलं की क्रुशल नावाने साध्या गिऱ्हाइकाला विकणं बंद करतोय. आणि हा नवा प्रोसेसर ज्या एएम५ बोर्डावर बसतो तिथे डीडीआर५ शिवाय दुसरी चालत नाही, जुनी काढून लावावी म्हटलं तर खाचच बसत नाही. ६४ जीबीवर काट मारली, ३२ ठेवली. दिव्यांची मात्र नाही. अण्णांच्या घरच्या काकू म्हणाल्या, दिवे दिवाळीत लावू."

"बरोबर आहे त्यांचं."

"एसएसडी एक टीबी, एनव्हीएमई, त्यात वाद नव्हता. खरी मजा पुढे झाली. भाच्याने विचारलं, 'अण्णा, इथे लाइट किती वेळा जाते?' अण्णा असे बघायला लागले त्याच्याकडे! चाळीस वर्षं ज्यांना लोकांनी हाच प्रश्न रात्री-बेरात्री फोन करून विचारला, त्यांना हा पोरगा विचारतोय."

"आपल्याकडे पावसाळ्यात विचारूच नये. आपल्या मुळशी धरणाचं पाणी खाली भिऱ्याला उतरून १९२७ पासून वीज करतंय, ती गेली मुंबईला. सेनापती बापट त्या धरणाविरुद्ध उगीच उभे राहिले होते का? आणि आपण इथे मेणबत्त्या शोधतो."

"मग अण्णाच सुटले. म्हणाले, ह्या कागदावर सहाशे व्हीएचा यूपीएस लिहिलाय, तो साधारण साडेतीनशे वॅट उचलतो, आणि हे मशीन खेळताना चारशेला जाईल. लाइट गेली की विमान, यूपीएस आणि मी, तिघं एकदम खाली! हजार व्हीएचा हवा, आणि साइन वेव्हचा, कारण चांगल्या एसएमपीएसना, म्हणजे आतल्या वीज देणाऱ्या डब्यांना, चौकोनी लाट मानवत नाही. एसएमपीएस साडेसहाशे वॅटचा, ८० प्लस गोल्ड, नाव असलेल्या कंपनीचा. तिथे पैसे वाचवायला निघालेल्यांची जळकी टीव्ही-फ्रिज आपण आयुष्यभर बघितली म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर परसात कुदळ घेऊन उभे. नवा अर्थिंगचा खड्डा, मीठ-कोळसा घालून. कॉम्प्युटरचा अजून एक स्क्रू आला नाही आणि अर्थिंग तयार!"

"तरीच! मला वाटलं आंब्याचं झाड लावतायत."

"मला विचारशील तर ह्या सगळ्यात शहाणी खरेदी तीच. कार्ड दोन वर्षांनी बदलता येतं गं. विजा कडाडल्या की प्लग उपटायचा, हेही भिंतीवर लिहून ठेवलंय. कॅबिनेट जाळीचं, धुळीचा फिल्टर काढून धुता येईल असं, पौड रस्त्याची धूळ काय कमी आहे? आणि पावसाळ्यात कपाटात बंद करायचं नाही, रोज थोडा वेळ चालवायचं. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एका दिवसात ५५६ मिलिमीटर पडला, आठवतंय ना? तांदळाच्या डब्यालाही ओल आली होती."

"पण विमान कुठून कुठे नेणार?"

"तिथेच घोडं अडलंय. अण्णांना बघायचंय धरण, आपलं घर, कोरीगड, ताम्हिणी. मायक्रोसॉफ्टच्या त्या २०२४ च्या सिम्युलेटरमध्ये हे उपग्रहाच्या चित्रांवरून दिसतं, पण चित्रं उडताना इंटरनेटवरून येतात. नीट चालायला ५० एमबीपीएस हवं म्हणतात. आपली फायबर जेसीबीने तोडली की धरणाच्या जागी नुसती पुसट जमीन. दुसरं एक्स-प्लेन १२. त्याचा नकाशा आधीच डिस्कवर उतरवून घ्यायचा, मग नेट असो-नसो. विमानाचं वागणं त्यात फार खरं, म्हणतात. पण घराचं छप्पर ओळखू येणार नाही, तिथे कुठल्याही गावातली घरं बसवलेली असतात. भाचा म्हणतो एक्स-प्लेन, अण्णा म्हणतात मला माझं छप्पर हवंय. मी म्हटलं, आधी फुकटचं फ्लाइटगिअर चालवून बघा, चक्कर येते का ते तरी कळेल."

"स्टिअरिंग वगैरे?"

"जॉयस्टिक. बोइंगला हँडलासारखा योक असतो, एअरबसला बाजूला कांडी. इंडिगोची बहुतेक विमानं एअरबसची ए३२० वाली, तेव्हा कांडीच घ्या, योकपेक्षा स्वस्त पडते. कांडी पिळली की शेपटीचं रडर वळतं, म्हणजे पायातले पेडल आत्ता नकोत. भाच्याने एवढी एकच वस्तू आधी मागवली. हात बसतो का बघा, नाही आवडलं तर बाकीचे पैसे वाचले."

"एकूण किती गं?"

"दीड-पावणेदोन लाख, १८ टक्के जीएसटी धरून. सुटे भाग पुण्यात तापकीर गल्लीत बघा म्हणत होते अण्णा, भाचा म्हणाला वायर आणि प्लग तिथून आणा, प्रोसेसर बिल आणि वॉरंटीवरच घ्या. मॉनिटर मात्र कागदावरून उडवला. हॉलमधला टीव्ही जोडायचा."

"काकूंचा टीव्ही? मालिकांच्या वेळेला?"

"सात ते दहा काकूंचा, हे लेखी झालंय. अण्णा लोहगाव विमानतळावरून दहानंतर उडणार."

"चल बाई, मी निघते. आमच्या ह्यांच्या कानावर यातलं काही घालू नकोस हं, फंड आत्ताच हातात आलाय."

"आता काय घालायचं राहिलंय? तो बघ तुझा नवरा. अण्णांच्या ओसरीवर तासाभरापासून ती कांडी पिळत बसलाय."